अंगठा

बोटीवरच सांगून ठेवतो सगळ्यांना :
नळी दातांत घट्ट, श्वास तोंडानं,
नाकाला आज सुट्टी.
तर्जनी अंगठ्याला टेकवली की ‘ठीक आहे’.
तळहात डुलवला की ‘काहीतरी बिघडलंय’.
आणि अंगठा वर केला तर ‘मला वर न्या’.
‘छान’ नव्हे. वर न्या.
सगळे माना डोलावतात
आणि पाण्याखाली गेले की विसरतात.

इचलकरंजीचे दस्तगीरमामा, जन्म मागावर गेलेला,
कानांत अजून खटखट.
किल्ल्यामागच्या खडकात प्रवाळाच्या फटींतून
काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे मासे आरपार जात होते,
उभ्या धाग्यांतून धोटा जावा तसे.
मामांनी अंगठा दाखवला.
मी नेमाप्रमाणे वर आणलं.
डोकं बाहेर येताच ओरडले,
"अरं, झ्याक म्हटलं व्हतं मी! झ्याक!"
पुन्हा खाली नेलं. पैसे न घेता.

संध्याकाळी बाबा पायरीवर बसून विचारतो,
"किती गावले आज?"
"अठरा. त्यातले चार पुण्याचे."
तो हसत नाही. "आणि मासळी?"
मी सांगतो : कपारीत गोबरा, मांजराएवढा.
"तिकल्यात बरो लागता."
तांबोशी दोन.
"भाजून."
फुलपाखरू मासा, पिवळाधमक, तोंड चिमट्यासारखं.
"तो कोण खाणा नाय," म्हणतो,
आणि विषय संपतो.

कमरेला रापणीचा दोर बांधून साठ वर्षं
त्यानं समुद्र ओढला.
मासा त्याच्या ओळखीचा, पण वाळूतला :
तडफडणारा, मग गार, मग मोजलेला.
पोहणारा मासा त्यानं पाहिलेलाच नाही
हे मला तिसाव्या वर्षी कळलं,
तेही तो बिडी शोधत असताना, बोलता बोलता.

बोटी वर काढायच्या आदल्या दिवशी
आपणहून दांडीवर आला.
रबरी सूट चढवताना म्हणाला,
"इतको घट्ट कपडो मी लग्नाकय घालूक नाय."
फॉर्मवर सही हवी होती.
त्यानं अंगठा उठवला.

पाणी मेअखेरचं, ताकासारखं.
तरी दोन पुरुष खाली थोडं निवळलं.
पेडव्यांची झुंड आली, त्याच्याभोवती फिरली,
एकदम वळली
आणि राखेनं घासलेल्या भांड्यासारखी चमकली.
बाबानं हात पुढे केला. मूठ नाही, उघडा हात.
एकही मासा लागला नाही हाताला.
पुन्हा केला.

मग त्याला दिसलं : प्रवाळाच्या शिंगाला अडकलेलं
निळ्या नायलॉनचं जाळं, हातभर, कुणाचं कोण जाणे.
तो तिथेच थांबला.
त्या जाड, चिरा पडलेल्या बोटांनी
एक गाठ सोडवली. दुसरी.
माझ्याकडे चाकू होता. मी काढला नाही.
मी विचारलं, तर्जनी अंगठ्याला टेकवून.
त्यानं बघितलंच नाही.
बुडबुडे तेवढे वर जात राहिले, सावकाश,
माझ्यापेक्षाही सावकाश.

जाळं सुटलं. त्यानं ते गुंडाळून कमरेला खोवलं,
घरी न्यायचं असल्यासारखं.
माझ्याकडे वळला.
काचेमागे डोळे मोठे, लाल.
आणि अंगठा वर केला.

बोटीवर सांगितलं होतं त्याला. दोनदा.
हवेचा काटा पाहिला, अर्धी होती अजून.
मी त्याचं मनगट धरलं
आणि थोडा वेळ
काहीच केलं नाही.