चार मिनिटं

खेळात माझं नाव कडूकारलं.
त्याचं घोरपड९९.
तिसरी भुसावळची, तिला आम्ही ताई म्हणायचो,
निघाली वयानं सगळ्यात लहान, बारावीची.

रात्री साडेअकराला, ओटा पुसून,
लेकीचं पांघरूण सारखं करून
कोपरखैरण्यातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
मी भिंतीकडे तोंड करून बसते
आणि विमानातून उडी मारते.

सुरुवातीला एकमेकांचं एवढंच ठाऊक:
कोण डावीकडून धावतं, कोण गोळ्या उधळतं,
कोण मेल्यावरही आवाज चढवून शिकवतं.
मग माइकच्या मागून घरं आत येऊ लागली.

ताईच्या मागे मालगाडी, लांबच लांब.
ती जाईपर्यंत आम्ही तिघं
एका पडक्या गोदामात दबून बसायचो.

घोरपडच्या मागे खोकला.
मग त्याचं "आलो, दोन मिनिटं",
आणि त्याचा माणूस उघड्या माळावर तसाच उभा,
हातात बंदूक, जरासा डोलत.
आम्ही त्याच्याभोवती कडं करायचो.
कानात यायचं: "अजून एक घोट. गिळलीस? तोंड उघड बघू."
घटकाभरापूर्वी यानंच
कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

मी काय ऐकवत होते त्यांना?
ताई एकदा म्हणाली, तुमच्याकडे नळ गळतो.
दुसऱ्या दिवशी वॉशर आणला, अकरा रुपयांचा.
नवरा रात्रपाळीला; दोन वर्षं म्हणत होता, रविवारी बघतो.

शिट्टी मात्र उशिरा ओळखली.
रोज पावणेएकच्या सुमारास घोरपडच्या माइकमधून
काठीचे दोन ठोके, एक लांब शिट्टी.
आणि बरोबर चार मिनिटांनी
तेच, माझ्या खिडकीखाली.

वाटलं, प्रत्येक गल्लीला असतोच की एकेक पहारेकरी.
पण या शिट्टीतला मणी अडकायचा,
मध्येच आवाज फाटायचा,
तिथे फाटायचा तसाच इथेही.

मी बोलले नाही.
का, ते विचारू नका.
भाजीवाल्यापाशी, एटीएमच्या रांगेत
तिशीतल्या प्रत्येक माणसाचा आवाज ऐकत राहिले.
औषधाच्या दुकानात एकदा मागून कुणी म्हणालं,
"आलो, दोन मिनिटं."
मी वळले नाही. पैसे दिले, घरी आले.

मार्चमध्ये सलग नऊ रात्री
शिट्टी एकदाच वाजली.
खिडकीखालचीच.

दहाव्या रात्री कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले.
पहारेकऱ्याचं नाव लोकेंद्र.
हे आठ वर्षांत पहिल्यांदा कळलं.
आमच्या आधी कुठली गल्ली?
"पिठाच्या गिरणीची. तिथला एक जण जागा असायचा,
खिडकीतून चहा द्यायचा.
भाडं वाढलं. आईला घेऊन उलव्याला गेला."

गिरणीची.
जिथे मी दर शनिवारी दळण टाकून
पीठभरल्या बाकावर बसून असते,
चार नाही, वीस मिनिटं.

मग तो परत आला, नवं वायफाय घेऊन.
मागे बेडूक, सिमेंटचा मिक्सर.
खोकला तोच.
आम्ही उडी मारली.
मी म्हणाले, "तुझ्याकडे आता शिट्टी येत नाही."
त्याचा माणूस धावता धावता थांबला.
ताई ओरडली, अरे मागे बघ, मागे!
मेला.

"लोकेंद्र?" तो म्हणाला.
"हो."
"कुठली बिल्डिंग?"
सांगितली.
"तिच्याखाली बाईक लावायचो मी."
पुढचा सगळा डाव
ताई एकटीच लढली.

आता पावणेएक वाजले की
मी माइक उघडा ठेवते,
खिडकीची काच सरकवते.
दोन ठोके. शिट्टी, मध्येच फाटलेली.
तिकडे तो म्हणतो, अगदी हळू,
आम्हाला नाही:
"झोप आता, आई. तो येऊन गेला."