विटेची खूण

साडू मालवणात राहतो. फोनवर विचारतो,
"तुमच्याकडे भरती किती वाजता?"
मी सांगतो, आमची भरती
धरणावरच्या दोंदेसाहेबांच्या बटणात.

रविवारी भोंगा झाला
की काठच्या खडकावर विटेच्या तुकड्यानं
एक रेघ ओढून ठेवतो.
वैनगंगा गढूळते, रेघ बुडते,
शिंगाडा गवतात शिरतो चरायला.

तेव्हा गळ टाकायचा नाही.
हे डोमाजी नान्हेंनी सांगितलेलं,
जाळ्याची भोकं सांधता सांधता,
माझ्याकडे न पाहता:
"चढतं पानी मासोळीले जेवाले नेते.
उतरतं पानी वापस आनते.
घाई काहून करता जी?"

म्हणून बसून राहतो. गांडुळं डब्यात, चहा थर्मासात.
गवत वाकलेलं हळूहळू सरळ होतं.
डोहाच्या तोंडाशी पाणी अरुंद होतं,
तिथं.

आज रेघ बोटभर वर आली होती
तेव्हा मागे फटफटी थांबली.
दोंदेसाहेब. हातात नवीकोरी दांडी,
लेबलसुद्धा न काढलेली.
"गेट पाडून आलो," म्हणाले,
मग पाण्याकडे पाहत, अगदी परक्यासारखं,
"कधी लागतो हो मासा?"

मी सरकून जागा दिली.
विटेचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला.