पान चौसष्ट

गांधीबागेत, कापडाच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
मी लोकांच्या कविता टाइप करते.
पानाला अठरा रुपये. दुरुस्तीचे दोन हात फुकट,
तिसऱ्यापासून बोलावं लागतं.

कवी जिना चढून येतात, धापा टाकतात,
कूलरसमोरची खुर्ची त्यांची.
प्राध्यापक येतात, तलाठी येतात,
एक होमगार्ड आला होता गझला घेऊन.
सगळे म्हणतात, बाई, तेवढ्या वेलांट्या सांभाळा.
जसं काही त्यांच्या कागदावर त्या असतातच.

केशोराव निनावे वीज मंडळातून निवृत्त.
मीटरच्या जुन्या रजिस्टरात बेचाळीस कविता,
एक ओळ 'मागील रीडिंग'च्या रकान्यात,
तिचा जबाब 'चालू रीडिंग'मध्ये.
अर्ध्या त्यांच्या पुतण्याने आधीच टाइप केलेल्या,
कुठल्याशा जुन्या फॉन्टात.
माझ्या मशीनवर उघडल्या की रफार गळायचा,
सूर्याचा नुसता सूय.
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
आणि मी आत बसून
एकोणीस सूर्य दुरुस्त केले त्या मे महिन्यात.

फर्मे चार, पानं चौसष्ट.
कविता त्रेसष्टला संपल्या.
कोरं पान छपाईला तसंच गेलं असतं,
जातंच नेहमी.
त्या रात्री का कोण जाणे गेलं नाही.
मी चार ओळी टाकल्या, त्यांच्याच फॉन्टात, त्यांच्याच मापात:

आई बँकेत अंगठा देते.
घरी आल्यावर मी
तिचं बोट पुसत नाही,
वाळू देते.

प्रकाशन सीताबर्डीला झालं.
माणसं एकतीस, त्यांतली बावीस निनाव्यांच्या घरची.
अध्यक्षांनी प्रस्तावनाच बोलून दाखवली
आणि घड्याळ पाहिलं.
मी शेवटच्या रांगेत. समोशाचं तेल
कागदी प्लेटमधून बोटांना लागत होतं,
म्हणून पुस्तक उघडता आलं नाही.
इतरांचं काय कारण होतं, माहीत नाही.

दिवाणाखाली गठ्ठे राहिले.
दसऱ्याला मी म्हटलं, पन्नास द्या माझ्याकडे.
दीक्षाभूमीच्या रस्त्यावर भावाची ताडपत्री होती,
एका बाजूला कॅलेंडरं, एका बाजूला निळे झेंडे.
तिथे माणसं भाकर सोडायच्या आधी पुस्तक घेतात.
चपलेचा अंगठा तुटलेला, खांद्यावर चार जाड ग्रंथ,
आणि तरी वाकून विचारतात, हे कशाचं आहे, बाई?
एका म्हातारीला वाचता येत नव्हतं.
तिने पान हाताने चाचपलं,
टाइप मोठा आहे का, नातीला चष्मा आहे, म्हणाली.
सत्तेचाळीस गेली संध्याकाळपर्यंत.
उरलेल्या तीनवर कुणाचा तरी चहा सांडला.

दिवाळीनंतर केशोराव आले. बसले.
म्हणाले, आरमोरीहून एका पोरीचा फोन होता.
शेवटची कविता आईला वाचून दाखवली म्हणे.
मी म्हटलं, मग?
मग काही नाही. आई बोट पाहत बसली, म्हणे, किती वेळ.

मी स्क्रीनकडे पाहिलं.
कूलर काढून माळ्यावर टाकला होता,
त्यामुळे खोलीत आवाजच नव्हता कशाचा.
त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
खाली कुणीतरी कापड फाडत होतं, सरळ, एका दमात.

मग त्यांनी पिशवीतून दुसरं रजिस्टर काढलं.
यंदा जास्त आहेत, म्हणाले, पाच फर्मे धरा.
अन् शेवटी एखादं पान उरल असं बसवा.

मी म्हटलं, दर वाढला, काका. पानाला वीस.
ऐंशी पानांचे सोळाशे होतात.

ते उठले, कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरले,
तिथूनच ओरडले:
एकोणऐंशीचेच देईन.