खाट अकरा

चार्टवर तापाला रकाना आहे,
लघवीला आहे, डोळ्यांच्या बाहुल्यांना आहे.
ऑपरेशननंतर पाच दिवस
गोकुळदासनं डोक्यावरचा टॉवेल काढला नाही,
हे कुठे लिहू?

कुडचड्याला स्टेशनाजवळ त्याचं केशकर्तनालय.
खाणीचे ट्रक चालू होते तेव्हा
ड्रायव्हरांची डोकी धुतली
की मोरीतून तांबडं पाणी जायचं, सांगायचा.
चाळीस वर्षं आरशासमोर उभा,
बघत आला गिऱ्हाइकांची तोंडं.

आता त्याचंच डोकं अर्धं भादरलेलं,
कानामागून वर चढत गेलेली टाक्यांची ओळ,
स्टेरॉइडनं सान्नासारखे फुगलेले गाल,
आणि डाव्या ओठातून निसटणारा चहा.
न्हाणीतल्या आरशावर
बायकोला लुंगी टाकायला लावली त्यानं.
रविवारी नातू येणार.
"त्याला गेटावरूनच परत धाड, बाय.
सांग, आजो टेस्टाक गेला."

केस परत येतील, असं मी म्हटलं नाही.
रेडिएशनच्या जागी येतात, कधी येत नाहीत.
एवढंच विचारलं,
अर्धी हजामत झालेल्या गिऱ्हाइकाला
तुम्ही रस्त्यावर जाऊ दिलं असतं?

बराच वेळ पंखा.
मग टॉवेलखालून:
"ही केली कुणी? आंधळ्यानं?"

डॉक्टरांना विचारून
मंगळवारी दुपारी मशीन आणलं.
टाक्यांपासून चार बोटं लांब.
"आडवं धरू नको. कातडी ताण.
कोपर खाली. घाई कसली, बस चुकतेय?"
टॉवेल त्यानं स्वतःच गळ्याभोवती घेतला,
एका हातानं खोचला.
माझ्या तळव्यात त्याचं डोकं,
गरम, वाटलं त्याहून जड.

झालं म्हटल्यावर पर्समधला आरसा पुढे केला.
"तोंड नको. आधी मान दाखव.
गिऱ्हाइकाला मान दाखवतात."
मान बघायला आरसे दोन लागतात.
हे माझ्या लक्षात यायच्या आत
तो भिंत धरून न्हाणीत गेला होता,
लुंगी ओढून काढली होती.

मी मागे आरसा धरून उभी.
तो मानेकडे बघत राहिला.
मग, कामाच्या ओघात, थोडं वर.
तिथे थांबला.
मी आरसा हलू दिला नाही.
"उजवीकडे एक केस राहिला,"
म्हणाला, आवाज बसलेला.

रविवारी माझी सुटी.
सोमवारी गेले तर खाट रिकामी,
रेडिएशनला खाली नेलेलं.
नातवाचं विचारायचं राहिलं.
उशीवर टॉवेल,
दुकानात घालतात तशी घडी,
कडा आत.