दीड हात

खसरा क्रमांक दोनशे चौदा बटे दोन,
मौजा भटपुरा, तहसील घाटीगाव, जिल्हा ग्वाल्हेर.
जाड लिफाफा लष्करच्या पत्त्यावर आला
आणि मी तो चष्म्याशिवायच वाचला,
कारण मजकूर माझाच होता.

शब्दशः माझा. सत्त्याऐंशी साली
खनिज कार्यालयाच्या मागच्या खोलीत,
खुर्चीच्या आखूड पायाखाली विटेचा तुकडा सारून
मी हा मसुदा बांधला होता:
भूपृष्ठाखालील समस्त खनिज शासनात निहित.
"निहित" हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा.
साहेब म्हणाले होते, सप्रे, क्या बात है.
पुढे एकतीस वर्षं फक्त नावं बदलत गेली,
ठिपक्यांवर कधी कुणी गुर्जर, कधी कुणी विधवा सिकरवार.
आता मी.

पट्टा एका कंपनीकडून दुसरीकडे गेला आहे.
माझ्या खालचं, मला न विचारता,
एका अनोळखी माणसानं दुसऱ्या अनोळखी माणसाला
रीतसर दिलं.
वरचं माझंच आहे. तसं पत्रात म्हटलंय, आदरपूर्वक.
पायाखालची वाळू सरकली म्हणावं, तर
वाळू हे गौण खनिज.
तीही माझी नाही.

सुलभा मेथी निवडत म्हणाली,
"खाली म्हणजे नक्की कुठून?"
तोडलेली मुळं तिनं कागदावर बाजूला ठेवली होती.
मी नियम सांगायला तोंड उघडलं
आणि आठवलं, नियमात ते नव्हतंच.
खोली लिहायला मी जागाच ठेवली नव्हती.

रविवारी आम्ही लिंबू लावायला गेलो.
लटूरी सहरियानं पहार मारली.
ढप्. पुन्हा ढप्.
मग खणकन, फरशीवर तांब्या पडावा तसं.
"इत्ती ही है, बाबूजी."
मी खड्ड्यात हात घालून मोजलं,
कोपरापासून बोटांपर्यंत एकदा, आणि वर अर्धं.
प्रॉव्हिडंट फंड, सुलभाच्या पाटल्या,
बारा वर्षं न घेतलेली स्कूटर,
आणि मालकी भाकरीच्या पापुद्र्याएवढी.

लटूरीच्या बापानं म्हणे याच पट्टीतून
फरशा काढल्या, शहरातल्या कचेऱ्यांसाठी,
गुलाबी, ओल्या झाल्या की तांबूस दिसणाऱ्या.
मला माझ्या कार्यालयाची जमीन आठवली,
दारापासून माझ्या टेबलापर्यंत झिजलेली एक वाट,
अर्ज घेऊन आलेल्यांच्या चपलांनी पाडलेली.
मी त्यांना शांतपणे सांगायचो,
जमीन तुमचीच आहे हो, कुठं जातेय?
खरंच वाटायचं मला
की हा दिलासा आहे.

लिंबाला दीड हात पुरत नाही.
लटूरीनं पहारीनं फट शोधली, थर उचकटला,
पाटाएवढी एक चीप वर काढली,
हात झटकले आणि विचारलं, "ये किसकी?"

रोप लावलं. मुळं निहित झाली.
आक्षेपासाठी तीस दिवस आहेत.
तो रकानाही मीच आखलेला, दोन ओळींचा;
तेव्हा वाटलं होतं, दोन ओळी पुष्कळ.

चीप आळ्याच्या कडेला आडवी टाकली.
ऊन उतरेपर्यंत मी तिच्यावर बसून होतो,
सरकारी मालावर, बिनपरवाना.
खालून गार लागत होतं.