समासातलं

डॉक्टर लेम्पी हापाला निवृत्त झाल्या
त्या दिवशी डुलूथमध्ये उणे सव्वीस होतं.
तळघरातल्या फ्रीझरमध्ये उणे ऐंशी.
एकतीस वर्षं मी या दोन थंडींच्या मधे
बायकांच्या दंडाला रबरी पट्टी बांधत आले.

पहिल्यांदा पैसे मागायला त्या गेल्या तेव्हा
समितीतल्या एकानं चष्मा पुसत विचारलं होतं,
"पाळी गेल्यावर बाईत
अभ्यास करण्यासारखं उरतं तरी काय?"
हे त्या दर ख्रिसमसला सांगायच्या,
खारवलेला मासा खाता खाता, न चिडता.
"मी म्हटलं, साधारण तीस वर्षं उरतात."
पैसे मिळाले नाहीत. त्या वर्षी.

मग पाव विकणाऱ्याची जुनी गाडी,
तिच्यात यंत्र, यंत्रावर घोंगडी.
लोखंडाच्या खाणींच्या गावांतून आम्ही फिरलो.
चर्चच्या तळघरात बायका रांगेत बसायच्या
मांडीवर हातमोजे ठेवून.
हाडाची काडं करून संसार केलेल्या.
पडद्यावर ती काडं खरंच दिसायची:
मनगट, खुबा, पाठीचा एकेक मणका,
वाळवी लागलेल्या चौकटीसारखा.
बर्फावर घसरलेल्या बाईला
तोवर सगळे म्हणत, धांदरटच आहे.

प्रश्न एक्केचाळीस : रात्री घामानं जाग येते का?
हो. नाही. कधीकधी.
आणि समासात, पेन्सिलीनं :
"नवरा मासेमारीला गेला की येत नाही."
"आईला व्हायचं. आम्हाला वाटायचं, ती दारू पिते."
"खिडकी उघडून उभी राहते. सरोवर दिसतं. बरं वाटतं."
समास संगणकात भरता येत नाही, मी म्हणाले.
"मग भरू नकोस," त्या म्हणाल्या, "पण फाडूही नकोस."

मॅर्लीन डुफोनं दुसऱ्या वेळी हात पुढे केला नाही.
ओजिब्वे वस्तीतली, शाळेची बस चालवायची.
"मागच्या खेपेला रक्त नेलंत.
त्याचं काय झालं, कुणी कळवलं नाही.
आमच्याकडून नेलेलं परत येत नाही, हे आम्हाला नवं नाही."
डॉक्टर उभ्या होत्या. बसल्या.
परतीच्या वाटेवर एक शब्द बोलल्या नाहीत
आणि सोमवारपासून प्रत्येकीला पत्र जाऊ लागलं,
हातानं लिहिलेलं, आकड्यांचा अर्थ सांगणारं.
मॅर्लीन पुढच्या वर्षी बाही वर करूनच आत आली.

आता ते सांगते, जे सत्कारात कुणी बोललं नाही.
एका गोळीची बाजू त्यांनी अकरा वर्षं लावून धरली होती.
सभांमधून, वर्तमानपत्रांतून, माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा.
मग आमचेच आकडे उलटे बोलू लागले.
तीनदा मोजले. चौथ्यांदा मी मोजले, दार लावून.
सहकारी म्हणाले, सविस्तर निबंध लिहू, घाई नको.
त्यांनी फोन ओढला.
चारशे बारा बायका. सोळा दिवस.
"मी लेम्पी बोलतेय. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."
कुणी रडल्या, कुणी दाणकन फोन ठेवला,
एकीनं तिकडून विचारलं, "जेवलात का?"
माझ्या बहिणीचा नंबर त्यांनी मला फिरवू दिला नाही.

गेल्या मार्चमध्ये दवाखान्याच्या पायरीवर
डॉक्टर स्वतः घसरल्या. डावं मनगट.
प्लास्टर ओलं असतानाच म्हणाल्या, "फॉर्म आण."
वय अठ्ठ्याहत्तर. उंची, पूर्वीपेक्षा चार सेंटिमीटर कमी.
एक्केचाळीसला : कधीकधी.
पडण्याचं कारण, या रकान्यात
औषधं, चक्कर, दृष्टी, यांपैकी कशावरच खूण नव्हती.
समासात, वाकड्यातिकड्या अक्षरात :
"बूट जुने होते. ती म्हणाली होती, बदला."

ती म्हणजे मी.
नोव्हेंबरपासून म्हणत होते.