मानेचं रबर

मानेचं रबर मी आधी उलटं करते,
साध्या पाण्यानं धुते, साबण नखाएवढा,
आणि मोरीच्या दारामागं वाळत घालते,
जिथं दुपारचं ऊनसुद्धा पोचत नाही.
मनगटाच्या दोन्ही रबरांत पुठ्ठ्याच्या नळ्या,
म्हणजे घडी पडत नाही.
घडी पडली की तिथंच चिरतं.

पहिल्या वर्षी मी खोबरेल लावलं होतं.
आमच्याकडं सगळ्यालाच तेल लागतं:
बिजागरीला, शिलाई मशीनला, विळीच्या खिळ्याला,
पोरांच्या टाळूला, शनिवारी मारुतीला.
करकरलं की तेल. कोरडं पडलं की तेल.
आणि हा ड्रायसूट तर ह्यांचंच दुसरं कातडं,
त्याला उपाशी कसं ठेवू?

पंधरा दिवसांत रबर काकवीसारखं बोटाला लागायला लागलं.
मला वाटलं, मुरलं.
डिसेंबर होता. निफाडकडं बागांतून शेकोट्या पेटलेल्या,
आणि हे गंगापूर धरणात उतरले,
जाळीत अडकलेलं गवत काढायला.
पाणी मानेतून शिरलं ते थेट बेंबीपर्यंत.
"बेंडकोळी, वर या!" साहेब ओरडत होते म्हणे,
पाण्याखाली कुणाला ऐकू जातं?
घरी आले, ओठ जांभळे.
रबर नाकाशी नेलं.
"खोबरेल?"
एवढंच. मग चहा मागितला.

तेव्हापासून पावडर. बिनवासाची.
वासाच्या पावडरीत तेल असतं
हे भद्रकालीतल्या दुकानदाराला अजून पटलेलं नाही,
तो दरवेळी गुलाबाचा डबा पुढं करतो
आणि विचारतो, नातू झाला का?

चेनच्या दातांवर मेणबत्ती फिरवते,
लोडशेडिंगच्या दिवसांतली, अजून संपत नाही.
निघायच्या आधी ह्यांची नखं मीच कापते.
घड्याळ काढते. सप्तशृंगीचा लाल दोरा
मनगटातून सोडवून माझ्या हातात घालते.
हे वर येईपर्यंत मी तो ओला होऊ देत नाही.
भांडी तशीच राहतात.

तिकडं सिडकोत, पंचवटीत नळ सुटतात,
बादल्या भरतात, कुणी म्हणतं, आज पाण्याला जोर आहे.

यंदा पुन्हा पाणी आलं, उजव्या मनगटातून.
रबर दिव्यासमोर धरलं. भेग नाही, भोक नाही.
ताणून सोडलं, चटकन जागेवर.
रात्री हे झोपल्यावर
मी ह्यांचं मनगट अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरलं.
लग्नात बोटं टेकत नव्हती.
आता एकावर एक चढली,
पेरभर.

सकाळी पुण्याला फोन केला,
एक नंबर लहान मागवलं.
ह्यांना म्हटलं, जुनं सैल पडलंय,
रबरच ते, किती दिवस टिकणार.
हे "हं" म्हणाले,
आणि बाहीचं बटण लावायला लागले.